हॉस्पिटल रेडिओ म्हणजे काय? गाणं लावण्याआधी पेशंटचं नाव विचारणारी सेवा

डायलिसिसला एका वेळी साधारण चार तास लागतात. आठवड्यातून दोनदा, बऱ्याच जणांना तीनदा. एक हात मशीनला जोडलेला असतो, तो हलवायचा नाही. झोप येतेच असं नाही. मोबाईल एका हातानं धरून धरून हात भरून येतो. मग छताचा पंखा बघत पडून राहायचं.

नाशिकच्या शालिमार भागातलं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय असो की त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, तिथं येणारा पेशंट बहुतेक वेळा गावाकडचा असतो. कुणी सुरगाण्याहून 80-90 किलोमीटरवरून आलेला, कुणी पेठचा, कुणी बागलाणचा, कुणी थेट नंदुरबारकडचा. सोबत एक नातेवाईक असतो. तो औषध आणायला, कागदावर सही घ्यायला, डबा बघायला पळत असतो. पेशंट एकटा. आजूबाजूला तीस माणसं असतात, तरी एकटाच.

या एकटेपणावर जगात काही ठिकाणी एक साधा उपाय शंभर वर्षांपासून चालू आहे. त्याला हॉस्पिटल रेडिओ म्हणतात. आपल्याकडं हा प्रकार फारसा कुणाला माहीत नाही, म्हणून तो नेमका काय आहे, कसा चालतो आणि खरंच उपयोगाचा आहे का, ते समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात हेडफोनपासून

पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांना खाटेवर रेडिओ ऐकवायची सोय झाली. ते साल 1919. सैनिक तरुण होते. कुणाचा पाय गेलेला, कुणाची नजर गेलेली. महिनोन्‌महिने पडून राहायचं होतं.

पुढं 1925 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या रुग्णालयात अशी सेवा सुरू झाली. तिथं 200 हेडफोन आणि 70 लाऊडस्पीकर बसवले होते. काय ऐकवायचे? चर्चमधली प्रार्थना आणि सामन्यांचं समालोचन. म्हणजे रविवारी माणूस जिथं गेला असता, ते सगळं त्याच्या खाटेपाशी आणलं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर काकड आरती आणि कुस्त्यांचा फड.

ही सेवा ब्रिटनमध्ये नंतर गावोगाव पसरली. आजही तिथं अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत आणि त्यांची एक देशपातळीवरची संघटना आहे. चालवणारे सगळे स्वयंसेवक, पगार कुणालाच नाही. दिवसा कुणी पोस्टात काम करतो, कुणी शाळेत शिकवतो, कुणी निवृत्त झालेला असतो. संध्याकाळी दोन तास रुग्णालयात येतात आणि रुग्णालयाच्याच एखाद्या रिकाम्या खोलीत मांडलेल्या छोट्या स्टुडिओतून कार्यक्रम करतात. पैसा देणग्यांतून, छोट्या-मोठ्या विक्रीतून, गावजत्रेसारख्या कार्यक्रमांतून उभा करतात.

खरं काम माईकपुढं नाही

रेडिओ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर माईक आणि गाणी येतात. इथं मात्र अर्धं काम स्टुडिओच्या बाहेर, वॉर्डात होतं.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी स्वयंसेवक वही घेऊन खाटा-खाटांवर जातात. "आज कोणतं गाणं ऐकायचंय?" एवढंच विचारतात. पेशंट गाणं सांगतो, त्या गाण्यावरून गप्पा निघतात. हे गाणं लग्नात लागलं होतं, ते गाणं आमचे वडील म्हणायचे. पाच मिनिटं जातात. मग रात्री तेच गाणं लागतं, आधी त्या माणसाचं नाव घेतलं जातं. शेजारच्या खाटेवरचाही ऐकतो, "अरे, हे तुमचंच ना?" म्हणतो. दोन अनोळखी पेशंटांची ओळख होते.

आपल्या पिढ्यांना हे सांगायला नको. बिनाका गीतमालाच्या काळात बिहारमधलं (आता झारखंडमध्ये असलेलं) झुमरी तलैया नावाचं गाव देशभर माहीत झालं, ते केवळ फर्माईशीच्या पत्रांमुळं. विविध भारतीवरची फौजी भावांसाठीची 'जयमाला', मराठीतली 'आपली आवड', हे कार्यक्रम लोक गाण्यासाठी जेवढे ऐकायचे, तेवढेच नावांसाठी. आपलं नाव, आपल्या गावाचं नाव हवेतून आलं की घरातला प्रत्येक जण कान टवकारायचा. हॉस्पिटल रेडिओ म्हणजे तीच फर्माईश, फक्त ऐकणारा खाटेवर आहे आणि फर्माईश घ्यायला पोस्टमन नाही, माणूसच समोर येतो.

उपयोग होतो का? डॉक्टरांचं शास्त्र काय म्हणतं

संगीतानं दुखणं बरं होतं, असे मेसेज व्हॉट्सॲपवर बरेच फिरतात. अमुक राग ऐकला की शुगर उतरते, तमुक ऐकला की बीपी. त्यावर विश्वास ठेवून गोळी बंद करणं धोक्याचं आहे. पण जे तपासून पाहिलं गेलंय, तेही थोडं नाही.

2015 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा छापून आला. ऑपरेशनच्या आधी, ऑपरेशन चालू असताना किंवा नंतर संगीत ऐकवलेल्या पेशंटांवरच्या सत्तरहून जास्त चाचण्या त्यात एकत्र केल्या होत्या, पेशंट सुमारे 7,000. निष्कर्ष असा निघाला की संगीत ऐकलेल्यांना ऑपरेशननंतर वेदना कमी जाणवल्या, भीती कमी वाटली आणि वेदनाशामक औषधंही कमी लागली. मात्र रुग्णालयातला मुक्काम काही त्यामुळं कमी झाला नाही. म्हणजे गाण्यानं टाके लवकर भरत नाहीत, ते भरेपर्यंतचा वेळ जरा सोपा जातो.

त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट होती. संगीत कोणतं आणि नेमकं कधी लावलं, यानं फारसा फरक पडला नाही.

मग प्रश्न पडतो, गाणं कोणतंही चालत असेल तर वही घेऊन खाटेखाटेवर फिरायचं कशाला? एक पेनड्राइव्ह लावून दिला की झालं!

तर इथंच हॉस्पिटल रेडिओ आणि नुसता स्पीकर यातला फरक आहे. वेदना कमी करायला गाणं पुरत असेल. पण वॉर्डात माणसाला सगळ्यात आधी काय जातं, तर त्याचं नाव. तो 'बेड नंबर 14' होतो, 'फ्रॅक्चरवाला' होतो, 'काल रात्री आलेली डिलिव्हरी' होते. सिस्टरांचा यात दोष नाही, एका सिस्टरकडं किती खाटा असतात ते जो सरकारी रुग्णालयात राहून आलाय त्याला ठाऊक आहे. गावात ज्याला सगळे आबा म्हणतात, ज्याच्या शब्दाशिवाय पाराची बैठक उठत नाही, तो इथं हिरव्या चादरीवर गप्प पडून असतो. त्याला दिवसभरात जेवढे प्रश्न विचारले जातात, ते सगळे आजाराचे. जेवलात का, लघवी झाली का, दुखतंय का. आवडीचं काय, हा प्रश्न विचारणारा कुणी आला, तर तो औषध देत नसला तरी काहीतरी देऊन जातो.

मोबाईल आहे की हातात!

हा आक्षेप रास्त आहे. ब्रिटनमध्येही तोच निघाला. हातोहाती फोन आले, खाटेजवळ टीव्ही आले, पेशंटला लवकर घरी सोडू लागले, तशी तिथली काही केंद्रं बंदही पडली. जी टिकली त्यातल्या अनेकांनी इंटरनेटवरून प्रसारण सुरू केलं, आणि वॉर्डात फिरण्याचं काम सोडलं नाही.

आपल्याकडं मोबाईलचं गणित जरा वेगळं आहे. घरात स्मार्टफोन एक, तो पेशंटकडं नाही तर धावपळ करणाऱ्या मुलाकडं असतो, कारण पैशांचा, गाडीचा, डॉक्टरांचा सगळा फोन त्याच्यावर. चार्जिंगला वॉर्डात एक पॉइंट, त्यावर रांग. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्याला स्क्रीन बघायची नाही. वयस्कर बायकांना फोन उचलता येतो, लावता येतो, यूट्यूबवर शोधता येत नाही. आणि ज्याला येतं, तो मोठ्यानं रील लावतो. त्याचा त्रास शेजारच्या तीन खाटांना.

एक माहिती बऱ्याच जणांना नसते. अनेक साध्या फोनमध्ये आणि काही स्मार्टफोनमध्येही एफएम रेडिओ असतो. त्याला डेटा लागत नाही, वायरचा इअरफोन लावला की तीच वायर अँटेनाचं काम करते. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं 2023 मध्ये फोन कंपन्यांना ही सोय बंद ठेवू नका असा सल्ला दिला होता. दवाखान्यात जाताना पिशवीत वायरचा इअरफोन टाकायला हरकत नाही. साधा घ्यावा, तिथं वस्तू हरवतात.

आपल्या भाषेत कोण बोलणार?

नाशिक जिल्ह्यापुरता विचार केला तर या सेवेची सगळ्यात मोठी गरज गाण्याची नाही, भाषेची आहे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या पट्ट्यात घरात कोकणा बोली चालते, कुठं वारली, कुठं भिल्लांची बोली. बागलाण, देवळा, मालेगावकडं अहिराणी. मालेगावात उर्दूही. ही माणसं बाजारात मराठी बोलतात, पण आजारपणात, घाबरल्यावर, रात्री जाग आल्यावर माणूस घरच्याच बोलीत बोलतो. डॉक्टरांनी "उपाशी राहा" म्हटलं तर नेमकं कधीपासून, पाणी चालेल का, गोळी घ्यायची का, हे न विचारता अनेकजण मान डोलावतात. ऑपरेशन एक दिवस पुढं जातं, आणि बोल पेशंटला बसतो.

आता कल्पना करा, रोज संध्याकाळी अर्धा तास कुणीतरी अहिराणीत आणि कोकण्यात सांगतंय: उद्या ऑपरेशन असेल तर काय करायचं, महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र कुठं बसतात आणि रेशनकार्डासोबत काय न्यायचं, आरोग्याची चौकशी करायला 104 क्रमांक आहे, बाळंतिणीला घरी सोडायला सरकारी गाडी मिळते ती कुणाला विचारायची. मध्ये एखादी ओवी, एखादं तारपावरचं वादन, एखादं भारूड. एवढ्यानं नातेवाइकांच्या निम्म्या चकरा वाचतील. चुकीच्या माणसाला दिलेले पैसेही वाचतील, हे वेगळं सांगायला नको.

हे काम पुण्या-मुंबईचा निवेदक करू शकत नाही, त्याला कळवणचाच पोरगा लागतो.

नाशिकला आवाजाच्या कामाची सवय आहे

नाशिक शहरात 'रेडिओ विश्वास' हे 90.8 एफएमवरचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. विश्वास ज्ञान प्रबोधिनी आणि संशोधन संस्था ते चालवते. जून 2020 मध्ये, कोरोनात शाळा बंद असताना, या केंद्रानं 'शिक्षण सर्वांसाठी' हा उपक्रम सुरू केला. जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांमधल्या तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी शिक्षकांनी पाठ रेकॉर्ड केले, या कामात सुमारे 150 शिक्षक होते. स्मार्टफोन नसलेल्या मुलांपर्यंत धडा पोचवायचा, हा हेतू. इगतपुरी तालुक्यात शिक्षकांनी ब्लूटूथ स्पीकरची उपकरणं वापरून हे पाठ मुलांना ऐकवले. राज्यातल्या आणखी सहा सामुदायिक रेडिओंनाही ते दिले गेले. या केंद्राला 2022 मध्ये सामुदायिक रेडिओचे दोन राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले.

तो उपक्रम शाळेसाठी होता, रुग्णालयासाठी नाही. पण अडचण तीच होती. ऐकणारा एका जागी अडकलेला, फोन नाही, डेटा नाही. आणि सुटली ती गावातल्याच माणसांच्या आवाजानं.

बंद भिंतींच्या आत चालणाऱ्या रेडिओचं उदाहरणही महाराष्ट्रात आहे, येरवडा कारागृहाचं. तिथं कैदीच कार्यक्रम तयार करून आतल्या आत ऐकवत. अभिनेता संजय दत्त शिक्षा भोगत असताना तिथं निवेदन करायचा, त्यामुळं त्याची चर्चा झाली. अर्जेंटिनाच्या ब्युनॉस आयर्स शहरात तर मनोरुग्णालयातले पेशंटच 1991 पासून रेडिओ चालवतात. 'ला कोलिफाता' त्याचं नाव. तिथं माईक पेशंटच्या हातात असतो आणि बाहेरचं शहर ऐकतं. आपल्याकडं मानसिक आजाराचं नाव काढलं तरी घरचे विषय बदलतात, त्या मानानं हे धाडसच म्हणायचं.

परवाना लागतो का?

हवेतून लहर सोडायची असेल तर लागतो. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावात राघव महतो नावाच्या तरुणानं दुरुस्तीच्या दुकानात घरगुती ट्रान्समीटर बनवून गावचा एफएम चालवला होता. लोकांना तो फार आवडायचा, बीबीसीनंसुद्धा बातमी केली. 2006 मध्ये परवाना नाही म्हणून तो बंद करण्यात आला. त्याच साली सरकारनं सामुदायिक रेडिओचं धोरण स्वयंसेवी संस्थांसाठी खुलं केलं, हा योगायोग. आता किमान तीन वर्षं जुनी, नोंदणी असलेली, नफा न कमावणारी संस्था परवान्यासाठी अर्ज करू शकते. शाळा-महाविद्यालयं आणि कृषी विज्ञान केंद्रंही करू शकतात. साधारण 100 वॅट ताकद, म्हणजे पाच-दहा किलोमीटरचा टप्पा.

पण एका इमारतीतल्या वॉर्डांसाठी एवढं करायची गरज नसते. वायरनं जोडलेले स्पीकर किंवा खाटेजवळचे हेडफोन पुरतात. हेडफोनच बरे. रुग्णालयाभोवतीचा 100 मीटरचा भाग कायद्यानं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथं दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा आहे. आत तर त्याहून शांत हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं वॉर्डात रात्री 30 डेसिबल सुचवलेत, म्हणजे जवळजवळ कुजबुज. अतिदक्षता विभागात स्पीकरचा विषयच नको. आणि सिनेमाची गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवायची तर हक्कांचा प्रश्न येतो. त्यापेक्षा गावच्या भजनी मंडळानं म्हटलेलं, आजीनं म्हटलेल्या ओव्या, शाळेतल्या पोरांनी सांगितलेली गोष्ट, हे रेकॉर्ड करून ऐकवलं तर खर्चही नाही आणि भांडणही नाही.

नाव घ्यायचं, पण कुठलं?

फर्माईशीतली सगळ्यात नाजूक जागा हीच. परदेशात फक्त पहिलं नाव आणि वॉर्ड सांगतात. आपल्याकडं वॉर्डाचं नाव सांगणं म्हणजे आजार सांगणं. क्षयरोग वॉर्डातली सून, जळालेली बाई, गर्भपातासाठी आलेली मुलगी, यांचं गाव रेडिओवर घेतलं की संध्याकाळपर्यंत गावात पोचलंच. आडनाव घेतलं की जात कळते. म्हणून पेशंटला विचारल्याशिवाय काहीच नाही, आणि विचारून झालं तरी पहिलं नाव किंवा त्याला आवडेल ती हाक, बस. 'तालुक्यातल्या एका मावशींसाठी' एवढंही खूप होतं. ज्या मावशी त्या, त्यांना कळतं.

वॉर्डात जाणाऱ्या स्वयंसेवकालाही पथ्यं असतात. सर्दी-खोकला असेल तर जायचं नाही. हात धुवायचे, खाटेवर बसायचं नाही, औषधावर सल्ला द्यायचा नाही, 'बरे व्हाल हो नक्की' असं वचन तर मुळीच द्यायचं नाही. पेशंट नको म्हणाला की पुढच्या खाटेकडं. फोटो काढायचा नाही, सेल्फी तर नाहीच. ब्रिटनमध्ये अशा स्वयंसेवकांची पोलिसांकडून आधी माहिती काढली जाते. आपल्याकडंही ती अट असायला हवी, कारण वॉर्डात माणूस झोपलेला असतो, उशाला पाकीट असतं.

हे सगळं जिल्हा रुग्णालयापासूनच सुरू व्हायला हवं असं नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा थोड्या, माणसं ओळखीची आणि बोली एकच, त्यामुळं तिथं ते सोपं पडेल. नर्सिंगची मुलं आहेत, निवृत्त गुरुजी आहेत, आवाज चांगला असलेल्या बचत गटाच्या ताई आहेत. सरकारी रुग्णालयांमध्ये रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठकीत असा विषय मांडता येतो. वैद्यकीय अधीक्षकांची परवानगी लेखी घ्यावी, वेळ ठरवून घ्यावी. डॉक्टरांचा राऊंड सकाळी असतो, भेटीची वेळ दुपारनंतर. सहा ते सात हा तास बहुतेक ठिकाणी मोकळा सापडतो, दिवे लागलेले असतात आणि रात्रीचा डबा अजून यायचा असतो.